गाणं हिट, खिसा रिकामा : क्वीनच्या चढउतारांचा हिशेब

नोव्हेंबर १९७४ मध्ये क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'किलर क्वीन' हे गाणं ब्रिटनच्या चार्टवर, म्हणजे खपाच्या यादीत, दुसऱ्या क्रमांकावर होतं. ते लिहिणारा आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी तेव्हा आठवड्याच्या पगारावर जगत होता. सुरुवातीला हा पगार २० पौंड होता, पुढे ६० पर्यंत गेला. बास वाजवणारा जॉन डीकन लग्नानंतर घर घ्यायला निघाला आणि त्याने पहिल्या हप्त्यासाठी ४,००० पौंड मागितले. मिळाले नाहीत. फ्रेडीला पियानो हवा होता, त्यालाही नकारच.

क्वीनची गोष्ट बहुतेक वेळा आवाज, मिशा आणि 'लाइव्ह एड' (दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेली १९८५ ची मैफल) अशी सांगितली जाते. ती खोटी नाही. पण हा बँड वर का गेला, मधेच अमेरिकेत का आपटला, आणि गायक गेल्यावरही पैसा का येत राहिला, हे कळायचं तर दोन गोष्टी वाचाव्या लागतात. एक म्हणजे करारपत्रं. दुसरी म्हणजे रेकॉर्डवर गाण्याच्या नावाखाली कंसात, बारीक अक्षरात छापलेलं नाव.

माणसं आधी ओळखून घेऊ. गिटारवादक ब्रायन मे इंपीरियल कॉलेजात खगोलभौतिकीत पीएचडी करत होता. ती त्याने बँडसाठी अर्धवट सोडली आणि २००७ मध्ये पूर्ण केली. ड्रमर रॉजर टेलर दंतवैद्यकी शिकायला लंडनला आलेला. डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, १९७१ मध्ये सगळ्यात शेवटी आला. फ्रेडी, म्हणजे फारूख बुलसारा, हा झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा. त्याचं शाळकरी वय पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये गेलं. तिथल्याच 'द हेक्टिक्स' या शाळेच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. चौघेही शिकलेले, चौघेही आकडेमोड करू शकणारे, आणि तरीही पहिल्या करारात अडकले. का, ते पाहू.

एकच कंपनी, तीन टोप्या

१९७२ च्या नोव्हेंबरात क्वीनने ट्रायडंट या कंपनीशी करार केला. लंडनच्या सोहो भागात ट्रायडंटचा नावाजलेला स्टुडिओ होता. नव्या बँडला तीन वेगळे करार लागतात. पहिला रेकॉर्डिंगचा, म्हणजे ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचं. दुसरा पब्लिशिंगचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचे हक्क कोण सांभाळणार. तिसरा व्यवस्थापनाचा, म्हणजे बँडच्या वतीने घासाघीस कोण करणार. क्वीनच्या बाबतीत तिन्ही ट्रायडंटकडे गेले. ट्रायडंटने रेकॉर्ड बनवायची आणि ती ब्रिटनमध्ये ईएमआय, अमेरिकेत इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपन्यांना द्यायची, अशी रचना होती.

यात गोची कुठे, हे लगेच दिसत नाही. मॅनेजरचं काम असतं रेकॉर्ड कंपनीकडून कलाकारासाठी जास्त टक्के काढणं. पण मॅनेजर आणि रेकॉर्ड बनवणारा एकच असेल, तर जास्त टक्के त्याच्याच खिशातून जाणार. मग तो भांडेल कशाला? ट्रायडंटची बाजूही आहेच. कोणी विचारत नव्हतं तेव्हा त्यांनी स्टुडिओ दिला, वाद्यं आणि ध्वनियंत्रणा घेऊन दिली, दौऱ्यांचा खर्च उचलला. पण स्टुडिओसुद्धा कसा दिला? गिऱ्हाईक नसेल त्या वेळात, बहुधा रात्री उशिरा. पहिला अल्बम त्या उरल्यासुरल्या तासांत झाला आणि जुलै १९७३ मध्ये बाजारात आला.

आता 'अ‍ॅडव्हान्स' म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण रॉक बँड कंगाल का असतात याचं अर्धं उत्तर तिथे आहे. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि हंगामभर ती फेडत राहतं. अ‍ॅडव्हान्स ही तशीच उचल. स्टुडिओचं भाडं, दौऱ्याचा खर्च, आठवड्याचा पगार, सगळं कलाकाराच्या खात्यावर नावे पडतं. आणि ते फिटतं ते रेकॉर्डच्या पूर्ण किमतीतून नव्हे, फक्त कलाकाराच्या टक्क्यांतून.

उदाहरण घेऊ. हे आकडे समजण्यापुरते आहेत, क्वीनच्या करारातले नाहीत. एलपीची, म्हणजे अख्ख्या अल्बमाच्या तबकडीची, किंमत ३ पौंड. मधल्यांचे वाटे जाऊन बँडच्या हाती ६ टक्के, म्हणजे एका एलपीमागे १८ पेन्स. खर्च झालाय ३०,००० पौंड. तो फिटायला १ लाख ६६ हजारांवर एलपी विकल्या जायला हव्यात. तोवर दुकानांच्या गल्ल्यात ५ लाख पौंड जमा झालेले असतात आणि बँडचं खातं जेमतेम शून्यावर आलेलं असतं. मग कंपनी म्हणते, चला, दुसरा अल्बम. पुन्हा उचल.

त्यात १९७४ मध्ये ब्रायन मे आजारी पडला. पहिला अमेरिका दौरा काविळीमुळे अर्ध्यात सोडून परतावं लागलं. दौरा मोडला तरी त्याचा खर्च खात्यावर राहतोच.

सुटका ऑगस्ट १९७५ मध्ये झाली. वाटाघाटी केल्या जिम बीच नावाच्या वकिलाने. त्याचं नाव पुढे पुन्हा येणार आहे. ट्रायडंटला १ लाख पौंड आणि पुढच्या सहा अल्बमांवर १ टक्का, या बोलीवर बँड मोकळा झाला. गायक एल्टन जॉनचा मॅनेजर जॉन रीड याने सूत्रं हाती घेतली. हा १ टक्का किरकोळ वाटतो, पण पुढच्या सहा अल्बमांत १९७५ चा 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' आणि १९७७ चा 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' होते. कर्जबाजारी बँड आपलं भविष्य स्वस्तात विकतो, ते असं.

फिती झिजेपर्यंत

सुटल्यावर सुज्ञ माणसाने हात आखडला असता. यांनी त्या काळातल्या सर्वांत महागड्या अल्बमांपैकी एक बनवायला घेतला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं काम वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ऑगस्ट १९७५ मध्ये सुरू झालं. मधला ऑपेराचा भागच जवळपास तीन आठवडे चालला.

खर्च कुठे झाला? त्या वेळच्या फितीवर २४ ट्रॅक, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे, बसत. पियानो, बास, ड्रम, गिटार यांनी त्यातले बरेच व्यापल्यावर आवाजांसाठी थोडेच उरले. मर्क्युरी, मे आणि टेलर तिघं एकत्र गात, ते तीन-चार ट्रॅकवर भरलं जाई. मग हे ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे, बाकीचे पुसायचे, पुन्हा गायचं. असे मिळून सुमारे १८० आवाजांचे थर झाले. अडचण अशी की प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते आणि वरच्या पट्टीतली चमक कमी होते. शिवाय फीत यंत्रावरून शेकडो वेळा फिरली की तिच्यावरचा ऑक्साइडचा थर खरवडला जातो. शेवटी फीत उजेडासमोर धरली की आरपार दिसत होतं, असं निर्माता रॉय थॉमस बेकर सांगायचा.

गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडचं गाणं लावत नसत, म्हणून कंपनीला ते कापायचं होतं. लंडनच्या कॅपिटल रेडिओचा निवेदक केनी एव्हरेट याने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवलं, आणि विषय संपला. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. प्रसिद्ध व्हिडिओ काही तासांत चित्रित झाला, कारण एवढ्या थरांचं गाणं टीव्हीच्या स्टुडिओत उभं राहून गाणं अशक्यच होतं. मैफिलीतही ते ऑपेराच्या भागाला रंगमंच सोडून जात आणि टेप लावत. यावर नाक मुरडणारे होते. पण गाऊ न शकणारी गोष्ट गाण्याचं नाटक करण्यापेक्षा हे बरंच प्रामाणिक.

तबकडीची दुसरी बाजू

इथे ते कंसातलं नाव येतं. ध्वनिमुद्रणाचे पैसे बँडच्या खात्यात जातात आणि चौघांत वाटले जातात. गाणं लिहिल्याचे पैसे मात्र फक्त लिहिणाऱ्याला. प्रत्येक विकलेल्या रेकॉर्डमागे लेखकाला जी रक्कम मिळते, ती मेकॅनिकल रॉयल्टी. ब्रिटनमध्ये १९५६ च्या कायद्याने तेव्हा हा दर किरकोळ विक्रीच्या किमतीच्या सव्वासहा टक्के होता, आणि तो त्या रेकॉर्डवरच्या सगळ्या गाण्यांत विभागला जाई.

सिंगलवर दोनच गाणी. एक पुढच्या बाजूला, जे लोक विकत घेतात. एक मागच्या बाजूला, जे बहुतेक जण एकदा ऐकून विसरतात. पण कायद्याला हा फरक ठाऊक नाही. समजा सिंगल ६० पेन्सचं. सव्वासहा टक्के म्हणजे पावणेचार पेन्स. दोघांत समान वाटणी, म्हणजे प्रत्येकी १.८७५ पेन्स. दहा लाख प्रती खपल्या तर प्रत्येक बाजूच्या लेखकामागे १८,७५० पौंड. पब्लिशरने त्यातला अर्धा घेतला तरी उरलेल्या पैशांत तेव्हा घर होत होतं.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मागे होतं टेलरचं 'आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार'. म्हणजे फ्रेडीने आठवडेच्या आठवडे घासून बनवलेल्या गाण्याइतकीच लेखन रॉयल्टी टेलरला मोटारीवरच्या गाण्याची मिळाली. यावरून बँडमध्ये बरीच वर्षं धुसफूस चालली. टेलरने काही चोरलं नव्हतं, नियमच तसा होता. पण त्यानंतर कुठलं गाणं सिंगल होणार, मागच्या बाजूला कोणाचं जाणार, अल्बमात कोणाची किती गाणी, या प्रत्येक चर्चेच्या तळाशी पैसा आला.

गंमत अशी, की याच भांडणाने बँडला ताकदही दिली. चौघांनीही मोठी हिट गाणी लिहिली आहेत, असे बँड फार थोडे. 'वुई विल रॉक यू' मेचं, 'वुई आर द चॅम्पियन्स' फ्रेडीचं, 'रेडिओ गा गा' टेलरचं. आणि कोपऱ्यात गप्प उभा राहणाऱ्या डीकनने 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लिहिलं. ते ऑक्टोबर १९८० मध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिलं होतं. प्रत्येकाला लिहायला आर्थिक कारण होतं, म्हणून प्रत्येक जण लिहीत राहिला.

मधल्या काळात घरची व्यवस्था बदलली. रीडशी १९७७ मध्ये फारकत झाली, आणि जिम बीच वकिली सोडून १९७८ पासून व्यवस्थापक झाला. हिशेबावर डीकनची बारीक नजर असे. ब्रिटनमध्ये तेव्हा कमाईवरचा वरचा कर ८३ टक्के होता, म्हणून अल्बमांचं काम देशाबाहेर होऊ लागलं आणि १९७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँट्रोमधला स्टुडिओ बँडने विकतच घेतला. दुसऱ्याच्या रिकाम्या तासांत गाणारे आता मालक झाले होते.

अमेरिकेतली घसरण

१९८० हे शिखर. 'द गेम' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, क्वीनचा तिथला असा हा एकमेव अल्बम. १९८१ च्या मार्चमध्ये ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या मोरुंबी स्टेडियममध्ये १ लाख ३१ हजार लोक जमले. त्याच वर्षी पुन्हा व्हेनेझुएला आणि मेक्सिकोला गेले तेव्हा मात्र हात पोळले. व्हेनेझुएलात माजी राष्ट्राध्यक्ष बेतांकुर वारले, देशभर दुखवटा जाहीर झाला, उरलेले कार्यक्रम रद्द. स्टेडियमच्या दौऱ्यात हीच मेख असते. सामान, विमानं, माणसं यांचा खर्च आधीच झालेला असतो, आणि नफा असतो तो शेवटच्या काही रात्रींत.

अमेरिकेतली घसरण अशी एका धक्क्याने झाली नाही. 'अनदर वन…' ची चाल फंकची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ठेकेदार नाचऱ्या संगीताची, होती. ते रॉकच्या स्टेशनांवर वाजलं आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या स्टेशनांवरही. १९८२ च्या 'हॉट स्पेस'मध्ये बँडने तीच वाट आणखी पुढे नेली. पण डिस्कोविरुद्ध तिथे आधीच काहूर उठलं होतं, १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड स्फोटाने उडवल्या गेल्या होत्या. रॉक स्टेशनांनी पाठ फिरवली, आणि दुसरीकडच्या श्रोत्यांकडे त्यांचे स्वतःचे उत्तम कलाकार होतेच. माझ्या मते 'हॉट स्पेस' म्हणतात तितका वाईट नाही. पहिली बाजू पातळ आहे, एवढंच. पण त्यात मेच्या गिटारला बाजूला सारलं होतं, आणि क्वीनची ओळख त्या गिटारवर होती.

मग अमेरिकेत इलेक्ट्रा सोडून कॅपिटॉल ही रेकॉर्ड कंपनी धरली. १९८४ चं 'रेडिओ गा गा' ब्रिटनमध्ये दुसरं, अमेरिकेत सोळावं. 'आय वाँट टू ब्रेक फ्री'च्या व्हिडिओत चौघं बायकांचे कपडे घालून एका लोकप्रिय ब्रिटिश मालिकेची टवाळी करतात. ती मालिका ब्रिटनमध्ये घरोघरी माहीत, अमेरिकेत कोणालाच नाही. तिथे विनोद पोचला नाही, फक्त पुरुषांच्या अंगावरचे स्कर्ट दिसले. एमटीव्हीने व्हिडिओ लावला नाही.

यानंतरचं चक्र कुठल्याही बँडला ओळखीचं वाटेल. रेडिओवर गाणं नाही, म्हणून मोठी सभागृहं भरायची खात्री नाही. म्हणून दौरा नाही. दौरा नाही म्हणून रेडिओला गाणं लावायचं कारण नाही. फ्रेडी असताना क्वीनने अमेरिकेतली शेवटची मैफल सप्टेंबर १९८२ मध्ये लॉस एंजेलिसजवळ केली. त्यानंतर गेलेच नाहीत.

ऑक्टोबर १९८४ मध्ये त्यांनी वर आणखी एक चूक केली. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार असताना ते सन सिटीत गायला गेले. आम्ही राजकारणी नाही, श्रोत्यांसाठी गातो, हा त्यांचा बचाव. संगीतकारांच्या संघटनेने दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेलं. काही कार्यक्रम फ्रेडीच्या घशामुळे रद्दही झाले. पैशाच्या गणितात इतका हुशार असलेला बँड इथे गणितापलीकडचं पाहू शकला नाही.

वीस मिनिटांचं नियोजन

१३ जुलै १९८५. 'लाइव्ह एड'चा दिवस. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ७२,००० लोक, तेही फक्त क्वीनसाठी आलेले नव्हेत. संध्याकाळचे पावणेसात, लख्ख उजेड, म्हणजे क्वीनची ख्याती असलेली प्रकाशयोजना निरुपयोगी. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटं, आणि वेळ संपल्याचं सांगायला रंगमंचावर लाल दिवा.

याला लोक चमत्कार म्हणतात. तो चोख गृहपाठ होता. लंडनच्या शॉ थिएटरमध्ये तीन दिवस घड्याळ लावून तालीम केली. नवीन गाणं विकायचा मोह टाळला आणि लोकांना आधीच पाठ असलेली सहा गाणी कापून जोडली. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा फक्त सुरुवातीचा संथ भाग घेतला, ऑपेरा येण्याआधीच थांबले. टेपची भानगडच नको. लगेच 'रेडिओ गा गा', ज्यातल्या हात वर करून वाजवायच्या टाळ्या लोकांनी व्हिडिओत पाहिल्या होत्या. उजेड होता तोही कामी आला, कारण ७२ हजारांचे हात एकदम वर जाताना कॅमेऱ्याला दिसले. शेवटी 'वुई विल रॉक यू' आणि 'चॅम्पियन्स'. बाकीचे बरेच कलाकार आपला नेहमीचा कार्यक्रम तोकडा करून आले होते. क्वीनने वीस मिनिटांसाठी वेगळा कार्यक्रम बांधला होता. १९८६ चा युरोप दौरा त्या जोरावर दहा लाखांवर लोकांनी पाहिला. ९ ऑगस्टची नेबवर्थची मैफल फ्रेडीची क्वीनसोबतची शेवटची ठरली.

चौघांचं एक नाव

१९८७ मध्ये फ्रेडीला एचआयव्ही असल्याचं निदान झालं. १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बमावर प्रथमच सगळ्या गाण्यांखाली एकच नाव छापलं गेलं : क्वीन. याआधी एखाद्दुसऱ्या गाण्याला असं झालं होतं, अख्ख्या अल्बमाला नाही. कोणी किती लिहिलं याला महत्त्व नाही, रॉयल्टीचे चार समान वाटे. मेने नंतर म्हटलं आहे की हे फार आधी करायला हवं होतं. पंधरा वर्षांची धुसफूस एका ओळीने मिटली, आणि गाणं निवडताना 'चांगलं कुठलं' एवढाच प्रश्न उरला. तोटाही आहे. 'द शो मस्ट गो ऑन' मुख्यतः मेचं आहे, हे रेकॉर्डवर वाचून कळत नाही.

या ओळीचा आणखी एक परिणाम कायद्यातून होतो. ब्रिटनमध्ये गाण्याचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. भारतात ही मुदत ६० आहे. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला, म्हणजे त्याने एकट्याने लिहिलेली गाणी तिथे २०६१ अखेर मोकळी होतील. पण संयुक्त लेखनात मुदत मोजतात ती शेवटचा लेखक गेल्यापासून. चौघांच्या नावाची गाणी त्यामुळे बरीच पुढे जातील. ध्वनिमुद्रणाचं घड्याळ वेगळंच, ते प्रकाशनापासून ७० वर्षं चालतं.

आणि अमेरिका? १९९० मध्ये डिस्नेच्या हॉलिवूड रेकॉर्ड्सने तिथले हक्क घेतले, तेव्हा क्वीन म्हणजे तिथे जुनापाना माल होता. १९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' या विनोदी चित्रपटात गाडीत बसलेली पोरं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'वर माना हलवतात. १९७६ मध्ये अमेरिकेत नवव्या क्रमांकावर थांबलेलं गाणं या वेळी दुसऱ्यावर गेलं. दहा वर्षं व्हिडिओने, नव्या कंपनीने जे जमलं नाही, ते असं झालं.

डीकन १९९७ नंतर संगीतातून निवृत्त झाला. तो रंगमंचावर येत नाही, मुलाखत देत नाही. पण पैशाच्या व्यवहारात त्याचा होकार अजून घेतला जातो, असं मे आणि टेलर सांगतात. २०२४ मध्ये सोनीने क्वीनची गाणी सुमारे १ अब्ज पौंडांना घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यांनुसार अमेरिका आणि कॅनडातले ध्वनिमुद्रणाचे हक्क डिस्नेकडेच आहेत, आणि मैफिलींचं उत्पन्न सौद्यात नाही. गायक अ‍ॅडम लँबर्टला सोबत घेऊन मे आणि टेलर रंगमंचावर जे कमावतात, ते त्यांनी स्वतःकडे ठेवलं आहे.